शाळेतल्या धर्मशिक्षणाचा खटला गावातल्या कागदावर उभा राहतो : विदर्भातील शिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातील अकराही जिल्हा परिषदांचे शिक्षणाधिकारी, पंचायत समित्यांचे गटशिक्षणाधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षण संस्थांचे सचिव आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

परिपाठातली प्रार्थना, वर्गात म्हणून घेतलेले श्लोक किंवा आयती, पूजनाच्या वेळी हात जोडण्याचा आग्रह, किंवा एखाद्या मुलीला तिच्या पेहरावावरून दारातच थांबवणे, अशा कारणाने गावात वाद उठला की 'हायकोर्टात जातो' हे वाक्य लगेच येते. पुढे बहुतेक वेळा काहीच होत नाही, किंवा जे होते ते चुकीच्या दारात होते. तालुका न्यायालयांत व नागपूर खंडपीठात काम करणारे आम्ही काही वकील आणि जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांतून निवृत्त झालेले काही मुख्याध्यापक मिळून हे पत्र लिहीत आहोत. सांगायचे एकच आहे. वरचे न्यायालय शाळा पाहायला येत नाही, ते कागद वाचते. तो कागद तुमच्या टेबलावर तयार होतो, किंवा होतच नाही. तक्रार करणारा पालक बरोबर असो की शाळा, कागद नसला तर दोघांनाही न्याय मिळत नाही, आणि मधल्या काळात एक लेकरू भरडले जाते.

पहिली गोष्ट शाळेच्या प्रकाराची. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ चे उत्तर शाळेला पैसा कुठून येतो यावर बदलते. जी संस्था पूर्णपणे सरकारी निधीतून चालते तिथे धर्मशिक्षण देता येत नाही, असे खंड १ सांगतो. जिल्हा परिषदेची शाळा आणि शासकीय आश्रमशाळा यात येतात. तिथे 'सगळ्या पालकांची संमती घेतली आहे' हे उत्तर चालत नाही, कारण खंड १ मध्ये संमतीची पळवाटच ठेवलेली नाही. खंड २ चा अपवाद फक्त अशा संस्थांना आहे ज्या सरकार चालवते, पण ज्या एखाद्या दाननिधीतून किंवा विश्वस्त व्यवस्थेतून उभ्या राहिल्या आणि त्या व्यवस्थेतच धर्मशिक्षणाची अट आहे. खंड ३ मात्र फार मोठा आहे. सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या कोणत्याही संस्थेत कोणालाही धर्मशिक्षणात भाग घ्यायला वा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. स्वतःची संमती लागते, आणि मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचे, असेल तर पालकाची. अनुदानित, अंशतः अनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित, अल्पसंख्याक, कोणतीही मान्यताप्राप्त शाळा या खंडातून सुटत नाही. उत्तर प्रदेशातील मदरसा कायद्यावरच्या ५ नोव्हेंबर २०२४ च्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मदरशांना लावले.

७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या अनुच्छेदावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या कारणांत एक अगदी हिशेबाचे होते : सगळ्यांच्या करातून जमलेला पैसा एका धर्माच्या शिकवणीसाठी वापरता येणार नाही. प्रार्थनेचा कागद करताना मुख्याध्यापकांनी हा हिशेब मनात ठेवावा.

दुसरी गोष्ट, सगळेच धर्मशिक्षण नव्हे. इथे गावातले दोन्ही पक्ष चुकतात. सातवीच्या पुस्तकात वारकरी संतांचा धडा आला, बुद्धाचे चरित्र आले, सूफी परंपरेचा उल्लेख आला, म्हणून अनुच्छेद २८ मोडला असे होत नाही. १९७१ साली डी.ए.व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गुरू नानकांचे जीवन आणि शिकवण यांचा अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पुढे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००० ला आव्हान मिळाले, आणि १२ सप्टेंबर २००२ रोजी अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या निकालात न्यायालयाने हीच रेषा ठळक केली : धर्मांविषयी माहिती देणे, त्यांतील नीतिमूल्ये समजावणे याला बंदी नाही, विशिष्ट पंथाचे आचार आणि उपासना शिकवणे याला आहे. त्या निकालाला आधार होता शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीच्या १९९९ च्या अहवालाचा.

तेव्हा तक्रार आली की मुख्याध्यापकांनी स्वतःला विचारायचे : हा धडा आहे की आचार? तो पाठ्यपुस्तकातून आला की कोणाच्या तरी सूचनेवरून? मुलाला तो समजून घ्यायला सांगितला, की हात जोडून म्हणायला? आणि न म्हणणाऱ्याचे काय केले? आमच्या मते या चार उत्तरांनी निम्म्याहून अधिक तक्रारी मुख्याध्यापकांच्या खोलीतच मिटतात. उरलेल्या पुढे जातात, आणि पुढे जाणार असतील तर नीट जाव्यात.

आता गावातल्या पायरीवर थोडे थांबतो, कारण खटला इथेच घडतो किंवा बिघडतो.

सगळ्यात मोठी अडचण तोंडी हुकमाची. 'उद्यापासून याला परिपाठाला उभा राहू देऊ नका', 'हे घालून आली तर वर्गात बसवू नका' असे सांगितले जाते, लिहिले जात नाही. नंतर कोर्टात शाळा म्हणते, आम्ही असे काही म्हटलेच नाही. पालक म्हणतात, म्हटले. उच्च न्यायालय रिट याचिकेत, म्हणजे हक्क मोडल्याबद्दल थेट त्याच्याकडे केलेल्या अर्जात, साक्षीपुरावे घेऊन वादग्रस्त घटना तपासत बसत नाही. घटनाच वादग्रस्त झाली की याचिकेचा कणा मोडतो. म्हणून मुख्याध्यापकांना विनंती : जो नियम तुम्ही लावता तो सूचना वहीत तारखेसह लिहा, कोणत्या परिपत्रकाच्या आधाराने लावला ते लिहा, आणि पालकाने मागितली तर त्याची प्रत द्या. ज्याला आधार सापडत नाही तो नियम लिहिताना हात थांबेल. तो थांबणेही उपयोगाचेच आहे.

पालकांच्या बाजूची चूक वेगळी. तालुक्याच्या ठिकाणी अर्जनवीसाकडून एक अर्ज लिहून घेतला जातो. त्यात प्रार्थनेसोबत पोषण आहार, छताची गळती, शिक्षकांची गैरहजेरी आणि सरपंचाशी असलेला जुना वाद असे सगळे येते, आणि तो एकाच वेळी मुख्यमंत्री, पालकमंत्री, जिल्हाधिकारी व पत्रकारांना जातो. ज्याने निर्णय घ्यायचा त्याच्याकडे मात्र पोच नसते. अर्ज एकाच विषयावर, एका पानात, दोन जागी द्यावा : मुख्याध्यापकांकडे आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. काय घडले, कोणत्या तारखेला, काय हवे आहे, एवढेच. शिक्का द्यायला कोणी टाळत असेल तर नोंदणीकृत डाकेने पाठवून पावती जपावी. हा शिक्का साधा वाटतो, पण न्यायालय अधिकाऱ्याला आदेश देण्याआधी विचारते, 'तुम्ही त्यांच्याकडे मागितले होते का, आणि त्यांनी नाकारले का?' मागणी आणि नकार, दोन्ही कागदावर दिसले पाहिजेत.

इथेच शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाची जबाबदारी सुरू होते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम ३२ नुसार त्या कायद्यातील मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, आणि दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. नाराज पक्षाला राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. प्रार्थना न म्हटल्याबद्दल मुलाला उन्हात उभे केले, वर्गात हिणवले, तर कलम १७ लागते, कारण शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही तिथे निषिद्ध आहेत. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत नाव कमी करता येत नाही, हे कलम १६. अनुच्छेद २८ चा शुद्ध घटनात्मक प्रश्न या कायद्यात बसत नाही, हे खरे. पण मुलाला झालेला त्रास बसतो, आणि त्या चौकशीत नोंदलेली घटना पुढे नागपुरात कामी येते. 'अर्ज दप्तरी दाखल' असा शेरा मारून फाईल बंद करणे म्हणजे निर्णय नव्हे. दोन परिच्छेदांचा, पण कारणे दिलेला आदेश द्या. तो तुमच्या विरोधात वापरला जाईल ही भीती समजण्यासारखी आहे, पण कारण नसलेला आदेशच सर्वांत लवकर रद्द होतो.

कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. मागायचे ते नेमके : परिपाठाची नोंदवही, सूचना वहीचे अमुक तारखांचे पान, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचे इतिवृत्त, ज्या परिपत्रकाच्या आधारे उपक्रम घेतला त्याची प्रत. 'का केले' असा प्रश्न विचारला तर उत्तर येत नाही. कागद मागितला तर द्यावा लागतो.

समितीच्या इतिवृत्ताबद्दल वेगळे सांगावे लागेल. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या महिला. वाद झाल्यावर घाईघाईने मागच्या तारखेचा ठराव लिहिला जातो. सह्यांचा क्रम, शाई आणि हजेरी जुळत नाही, आणि समोरचा वकील तेच पान दाखवतो. असे झाले की शाळेची बाजू मुळात रास्त असली तरी न्यायालयाचा विश्वास उडतो. ठराव उशिरा झाला असेल तर आजच्या तारखेने लिहा. उशिराचा खरा ठराव टिकतो.

संमतीपत्राचेही तसेच. अनेक खासगी शाळा आणि अनुदानित आश्रमशाळा प्रवेश अर्जाच्या तळाशी एक ओळ घालतात : 'शाळेचे सर्व नियम व उपक्रम मान्य आहेत.' खंड ३ मधली संमती म्हणून ही ओळ पुरेशी धरू नका. कोणता उपक्रम, किती वेळ, कोणत्या दिवशी, नकार दिला तर मूल त्या वेळात कुठे बसेल, आणि संमती केव्हाही मागे घेता येईल, एवढे त्यात लिहिलेले असावे. भामरागड, एटापल्लीकडे माडिया-गोंडी बोलणारे, धारणी-चिखलदऱ्यात कोरकू बोलणारे पालक अंगठा देतात. तिथे मजकूर त्यांच्या भाषेत वाचून दाखवला, कोणी दाखवला, साक्षीला कोण होते, हे खाली लिहा. निवासी शाळेत तर हे जास्तच जपायला हवे, कारण मुलाला संध्याकाळी घरी जाऊन सांगता येत नाही.

आता चुकीच्या दारांबद्दल थोडक्यात. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दावा टाकता येतो. पण सरकारविरुद्ध दावा म्हटला की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, मग पुरावा, मग जिल्हा न्यायालयात अपील, मग कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर उच्च न्यायालयात दुसरे अपील. तोवर मूल कॉलेजात जाते. दुसरे दार पोलीस ठाण्याचे. धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली झाली की वाद फौजदारी रुळावर जातो, पुढची सगळी लढाई गुन्हा रद्द करण्यासाठी होते, आणि शाळेत काय चालावे हा मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. मारहाण झाली असेल तर पोलिसांत जायलाच हवे. प्रार्थनेच्या वादासाठी ते दार नाही. शिक्षकांचा मार्गही वेगळा आहे : खासगी शाळेतील शिक्षकाला बडतर्फ केले, सेवा संपवली, पदावनत केले तर १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील, आणि तिथून उच्च न्यायालय.

सरळ मार्ग अनुच्छेद २२६ खालच्या रिट याचिकेचा. विदर्भातील अकरा जिल्ह्यांसाठी ती मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाखल होते. शासन निर्णय मंत्रालयातून निघाला असला तरी त्याचा फटका वाशीम वा गोंदियात बसला असेल तर नागपूरच गाठायचे. सिरोंच्याच्या पालकाला हे अंतर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक पडते, म्हणून प्रत्येक पेशीला त्याने यावे असे नाही; शपथपत्र आणि वकीलपत्र व्यवस्थित असले की पुरते. मूल अज्ञान असल्याने याचिका पालकाच्या मार्फत होते. मुलाचे नाव उघड होऊ नये म्हणून फक्त आद्याक्षरे वापरण्याची विनंती सुरुवातीलाच करावी. फीची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, बालक, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज देता येतो, १५१०० या क्रमांकावर विचारता येते.

याचिकेत प्रतिवादी कोण, हे काळजीने ठरवावे लागते. शालेय शिक्षण विभागाच्या सचिवांमार्फत राज्य, शिक्षणाधिकारी, संस्था असेल तर संस्था, आणि मुख्याध्यापक. संस्थेला वगळले तर तिच्याविरुद्ध आदेश देता येत नाही, आणि पक्षकार जोडण्यातच दोन तारखा जातात. मागणी जितकी नेमकी तितका अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, दिलासा लवकर. 'शाळेतील सर्व धार्मिक कार्यक्रम बंद करा' या मागणीवर न्यायालय सगळ्यांचे म्हणणे मागवेल. 'अंतिम निकालापर्यंत माझ्या मुलाला प्रार्थनेत भाग घेण्याची सक्ती करू नये, त्याची हजेरी व गुण त्यासाठी कापू नयेत' या मागणीवर पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच आदेश होऊ शकतो.

नोटीस निघाली की सरकारी वकील शिक्षणाधिकाऱ्यांकडून परिच्छेदनिहाय अभिप्राय मागवतात. ही चिठ्ठी जिल्हा परिषदेत टेबलावरून टेबलावर फिरते, गटशिक्षणाधिकारी केंद्रप्रमुखाला विचारतात, केंद्रप्रमुख फोनवर मुख्याध्यापकांना, आणि शेवटी 'सदर उपक्रम ऐच्छिक आहे' अशी एक ओळ नागपूरला पोचते. ऐच्छिक असल्याचा पुरावा कुठे आहे? नकार देणाऱ्या एकाही मुलाची नोंद आहे का? मूळ वही घेऊन जबाबदार माणूस सरकारी वकिलांना भेटला, तर शपथपत्र खरे आणि पुरते होते. अपुऱ्या शपथपत्राने शाळा हरते तेव्हा दोष कायद्याचा नसतो.

अशी याचिका सहसा दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे जाते, आणि तिच्यावरचा निकाल थेट दिल्लीला, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात, आव्हानित होतो. काही प्रकरणे, उदाहरणार्थ शाळा न्यायाधिकरणाच्या आदेशावरची, एकल न्यायमूर्तींपुढे चालतात. एकल न्यायमूर्तींनी अनुच्छेद २२६ खाली निकाल दिला असेल तर त्यावर आधी त्याच उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींपुढे 'लेटर्स पेटंट अपील' करावे लागते, मुदत ३० दिवस. अनुच्छेद २२७ खालच्या, म्हणजे खालच्या न्यायालयांवरील देखरेखीच्या अधिकारात दिलेल्या, आदेशावर ते चालत नाही. ही पायरी चुकवून दिल्लीला गेलेला माणूस परत पाठवला जातो.

मुंबई उच्च न्यायालयाचा या विषयावरचा एक निकाल प्रत्येक संस्थाचालकाने वाचावा. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षक प्रार्थनेच्या वेळी उभे राहत, पण हात जोडत नसत. त्यावरून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. २०१३ मध्ये न्यायालयाने म्हटले की हात जोडण्याची सक्ती त्यांच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे. शिक्षकाला जे लागू, ते विद्यार्थ्याला अधिकच लागू.

दिल्लीचा टप्पा अनुच्छेद १३६ चा, विशेष अनुमती याचिकेचा, म्हणजे अपिलासाठी सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मागण्याचा. उच्च न्यायालयाच्या निकालापासून ९० दिवस. ती 'अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड' असलेल्या, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दाखल करण्यासाठी नोंदणी असलेल्या, वकिलामार्फतच दाखल होते, मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर लागते, घटनाक्रमाची तारीखवार यादी लागते. आणि आमच्या म्हणण्याचा गाभा इथे आहे : या याचिकेत मुळात तेच कागद चालतात जे उच्च न्यायालयापुढे होते. नवा कागद जोडायचा तर वेगळी परवानगी मागावी लागते, आणि तेव्हाच का दिला नाही याचे उत्तर द्यावे लागते. म्हणजे पुसद वा मेहकर तालुक्यातल्या शाळेने जे लिहिले नाही, ते दिल्लीतही बहुधा नसते.

बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य हे प्रकरण यासाठीच पुन्हा पुन्हा वाचावे. यहोवाचे साक्षीदार या पंथातली तीन भावंडे, दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी. राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, गात नसत. २६ जुलै १९८५ ला त्यांना शाळेतून काढले. केरळ उच्च न्यायालयात एकल न्यायमूर्तींनी नाकारले, खंडपीठाने नाकारले, आणि ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. तीन पायऱ्या वर्षभराच्या आसपास पार झाल्या, कारण घटनेवर वादच नव्हता. चौकशी झाली होती, मुले शिस्तीची आहेत आणि त्यांनी अनादर केलेला नाही हे कागदावर होते. उरला होता फक्त कायद्याचा प्रश्न, आणि न्यायालयाने सांगितले की ज्याला कायद्याचे बळ नाही अशा खात्याच्या परिपत्रकाने मूलभूत हक्क आखडता येत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांनी हे वाक्य टिपून ठेवावे. आपल्याकडे पुष्कळ उपक्रम परिपत्रकावरच चालतात.

उलट बाजू कर्नाटकातल्या हिजाब प्रकरणाची. ५ फेब्रुवारी २०२२ चा गणवेशाबाबतचा शासन आदेश, ९ फेब्रुवारीला एकल न्यायमूर्तींनी प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवले, १५ मार्चला तीन न्यायमूर्तींनी याचिका फेटाळल्या. फेटाळताना, ही प्रथा धर्माचा अत्यावश्यक भाग असल्याचे दाखवणारा पुरेसा मजकूर याचिकांतच नाही, असेही नोंदवले. १३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरोधी पडली आणि प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेले. निकालाविषयी कोणाचे काहीही मत असो, दरम्यान परीक्षा झाल्या आणि मुलींचे ते वर्ष निघून गेले.

मोठ्या पीठाकडे जाणे म्हणजे जिंकणे नव्हे. राज्यघटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर अनुच्छेद १४५ प्रमाणे किमान पाच न्यायमूर्ती लागतात, आणि आधीच्या मोठ्या पीठाने दिलेला निकाल लहान पीठाला डावलता येत नाही. शंका आली तर वर पाठवावे लागते. केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत प्रार्थनेला आव्हान देणारी याचिका जबलपूरच्या एका वकिलांनी थेट सर्वोच्च न्यायालयात केली होती. जानेवारी २०१९ मध्ये दोन न्यायमूर्तींनी ती मोठ्या पीठापुढे ठेवण्यास सांगितले. देशभरच्या एकाच धोरणावर थेट दिल्लीला जाणे समजते. एका गावच्या एका शाळेसाठी कोणी अनुच्छेद ३२ ची, म्हणजे थेट सर्वोच्च न्यायालयातली, याचिका घेऊन गेला, तर 'आधी उच्च न्यायालयात जा' हेच बहुधा ऐकावे लागते.

आणखी एक गैरसमज वर्तमानपत्रांमुळे पसरतो. विशेष अनुमती याचिका कारण न देता पहिल्याच दिवशी फेटाळली गेली, तर 'सर्वोच्च न्यायालयाचेही शिक्कामोर्तब' अशी बातमी येते. तसे नसते. कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य या २००० सालच्या निकालाने स्पष्ट केले आहे की असे फेटाळणे म्हणजे त्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने कायदा सांगितला असे नव्हे. उच्च न्यायालयाचा निकाल पक्षकारांवर बंधनकारक राहतो, इतकेच. अशा बातमीच्या आधारे शाळेत नवा नियम काढू नका.

याचिका 'निष्फळ' होण्याचा धोका मुलांच्या बाबतीत फार मोठा असतो. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. तक्रार जुलैत, स्मरणपत्र दिवाळीनंतर, वकील जानेवारीत, याचिका मार्चमध्ये, आणि मे महिन्यात न्यायालयाला सुट्टी. दहावीचे मूल तोवर शाळेतून गेलेले असते, आणि न्यायालय म्हणते, आता दिलासा कोणाला द्यायचा? सोयाबीन-कपाशीच्या हंगामात पालकाला तालुक्याला जायला सवड नसते हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून पहिला अर्ज शाळा सुरू झाल्यावरच्या पंधरवड्यात जावा, आणि याचिकेत एका घटनेबरोबर तो नियम वा परिपत्रकही आव्हानित करावे. नियम चालू राहिला तर प्रश्न जिवंत राहतो. पुढच्या वर्गांतील दुसऱ्या मुलांचे पालक सहयाचिकाकर्ते झाले तर आणखी बरे. जनहित याचिकेचा मार्गही आहे, पण त्यात स्वतःचा हेतू, खर्चाचा स्रोत सांगावा लागतो, आणि ज्या मुलाला त्रास झाला त्याचा कागद नसेल तर ती हवेतच राहते. आमचे मत, बाधित पालक तयार असेल तर त्याचीच याचिका करावी.

शिक्षणाधिकाऱ्यांकडे आमची मागणी आता मांडतो. येत्या सत्राआधी प्रत्येक जिल्ह्यात एक लेखी सूचना काढा. परिपाठाखेरीज कोणताही धार्मिक स्वरूपाचा उपक्रम कोणत्या आधारे घेतला याची नोंद मुख्याध्यापकांनी ठेवावी. भाग न घेणाऱ्या मुलाला शिक्षा, टोमणा वा वेगळी वागणूक देऊ नये, आणि त्याने त्या वेळात कुठे बसावे हे ठरलेले असावे. अनुच्छेद २८ विषयीच्या प्रत्येक अर्जाला त्याच दिवशी पोच आणि ३० दिवसांत कारणांसह उत्तर मिळावे. कायदा तीन महिने देतो, पण मुलाचे सत्र तेवढे थांबत नाही. खंडपीठाची नोटीस आली की परिच्छेदनिहाय अभिप्राय सात दिवसांत, मूळ वहीच्या छायाप्रतींसह, सरकारी वकिलांकडे पोचावेत आणि त्यासाठी कार्यालयात एका विस्तार अधिकाऱ्याचे नाव नेमून द्यावे.

मुख्याध्यापकांसाठी सूचना वहीतील नोंदीचा, पालकांसाठी एका पानाच्या अर्जाचा आणि संमतीपत्राचा असे तीन नमुने आम्ही मराठीत तयार करून देऊ. गोंडी, माडिया आणि कोरकूत ते वाचून दाखवता येतील असे करण्यासाठी त्या भाषा घरी बोलणारे शिक्षक लागतील. गडचिरोली आणि अमरावतीच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातील असे शिक्षक या कामासाठी उपलब्ध करून द्यावेत.

आपले,
विदर्भातील तालुका न्यायालयांत व नागपूर खंडपीठात काम करणारे काही वकील आणि निवृत्त मुख्याध्यापक